यंत्राची शिकवणी

धरमपेठेंत आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें एकत्र कुटुंब आहे. तिघे भाऊ, त्यांच्या गृहिणी, मुलें, सुना, नातवंडें आणि सर्वांच्या शिरोभागीं ऐंशी ओलांडलेले आजोबा, असा बारा-तेरा पानांचा तो संसार. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे रात्रीच्या भोजनास आम्ही गेलों असतां पंगतींतच एक वाद उपस्थित झाला, आणि तो इतका रंगला कीं वाट्यांतलें आमसुलाचें सार निवून गेलें तरी कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. या सदरांत आम्ही बहुधा घरसंसारांतले प्रश्न घेतों; विद्यापीठें आणि कारखाने हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हा प्रश्न कारखान्यांतून निघून थेट पानापर्यंत आला होता, म्हणून या महिन्यांत त्याचेंच निवेदन करीत आहों.

वादाचा विषय होता घरांतला धाकटा नातू. हा मुलगा येथल्याच एका तंत्रमहाविद्यालयांत यंत्रशास्त्राच्या शेवटल्या वर्षांत शिकतो. त्याच्या बरोबरीचीं मुलें सुटींत पुण्या-बंगळुराकडे संगणकाच्या कंपन्यांत उमेदवारीस गेलीं. हा मात्र रोज सकाळीं डबा घेऊन हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत जाई आणि सायंकाळीं अंगाला तेलाचा वास घेऊन परते. महाविद्यालय व तो कारखाना यांनीं मिळून एक संशोधन हातीं घेतलें होतें, आणि त्यांतील नोंदींचें काम याच्याकडे होतें.

आजोबांना तें मुळींच रुचलेलें नव्हतें. उभें आयुष्य त्यांनीं सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यांत काढलें. त्या खात्यांत हाताला शाईखेरीज दुसरें कांहीं लागत नसे. ते म्हणाले, "लेथवरच उभें राहायचें होतें तर दहावीनंतर आयटीआय होतीच कीं! एवढीं वर्षें शिकवलें तें हातांना तेल लावून घ्यायला काय रे?"

"आजोबा, मी लेथ चालवीत नाहीं," मुलगा म्हणाला, "लेथला ऐकायला शिकवतों आहें."

पंगतींत हंशा पिकला. परंतु मुलाचें बोलणें अक्षरशः खरें होतें. वाचकांस तें उमजावें एवढ्यापुरतें थोडें यंत्रांत शिरणें भाग आहे.

लेथवर पोलादाचा दांडा गरगर फिरत असतो. त्याला कठीण धातूचें हत्यार टेकतें आणि दांड्याचा कीस निघत जाऊन त्याला आकार येतो. हें करतांना हत्याराची धारही झिजत असते. धार गेल्यावरही तेंच हत्यार वापरलें तर माप चुकतें, पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि कधीं हत्यार मोडून हातांतला सारा माल भंगारांत जातो. उलट धार शाबूत असतांना हत्यार बदललें तर चांगला पैसा वायां जातो. लहान कारखान्यांत यावर तोडगा म्हणून इतके नग झाले कीं हत्यार बदला असा ठोकळ नियम करितात. परंतु त्याच कारखान्यांत एखादा जुना मिस्त्री असतो, तो नग मोजीत नाहीं. तो आवाज ऐकतो. किसाचा रंग पाहतो, तो पिवळट आहे कीं निळा पडूं लागला आहे. यंत्रावर तळहात ठेवून कंप बघतो. आणि म्हणतो, "आता काढ." बहुतेक वेळां त्याचें बरोबर असतें.

हें ज्ञान पुस्तकांत नाहीं, आणि मिस्त्रीला तें शब्दांत सांगतांही येत नाहीं. म्हणून महाविद्यालयानें असें केलें कीं लेथला कंप मोजणारीं उपकरणें बसविलीं, शेजारीं आवाज टिपणारें साधन ठेवलें, मोटर किती वीज ओढते त्याची क्षणोक्षणीं नोंद घेतली, आणि प्रत्येक नोंदीपुढें मिस्त्रीकडून खूण करून घेतली: धार चांगली, धार अर्धी, धार गेली. अशा हजारों खुणांच्या नोंदी संगणकाला दिल्या म्हणजे कोणत्या आवाजाशीं व कोणत्या कंपाशीं कोणती खूण जुळते याचा आडाखा तो स्वतःच बांधतो. हल्लीं जिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिचा बराचसा भाग हाच आहे. यंत्राला नियम सांगायचा नाहीं, उदाहरणें दाखवायचीं.

आमच्या वाचकभगिनींना यांत नवल वाटूं नये. एकतारी पाक कसा ओळखावा हें कोणत्या सासूनें सुनेला नियमानें शिकविलें आहे? बोटांत धरून दाखविला, दोनदां बिघडला, तिसऱ्यांदा जमला. भाजणी किती भाजावी याचाही असाच वास नाकाला सांगावा लागतो. यंत्राची शिकवणी याच रीतीची. भेद एवढाच कीं मुलीला दहा-वीस वेळां दाखवून पुरतें, यंत्राला हजारों वेळां दाखवावें लागतें, आणि इतकें करूनही त्याची समज फार आंखूड राहते. एका लेथवर शिकलेलें गणित शेजारच्या लेथवर चुकतें. पोलादाची जात बदलली कीं चुकतें. माहेरच्या चुलीवर शिकलेली मुलगी सासरीं चार दिवसांत हात बसवून घेते. यंत्राला मात्र बहुधा पुन्हां नव्या नोंदी द्याव्या लागतात. आणि त्या नोंदींपुढें खूण करायला पुन्हां कोणीतरी जाणता माणूस लागतो.

त्याच रात्रीं मुलाच्या काकूंनीं एक प्रश्न विचारला, तो पुढें सांगूं. आधीं या नागपुरांत अशा प्रकारच्या संशोधनाची कितपत तयारी आहे तें सांगणें बरें, कारण आपल्या गांवाविषयीं आपणांस संत्र्यांपलीकडे फारसें ठाऊक नसतें.

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं १९३० सालीं आपल्या मृत्युपत्रानें नागपूर विद्यापीठास सुमारें ३५ लाख रुपये ठेविले, ते व्यवहारोपयोगी विज्ञान व रसायन शिकविण्यासाठीं. त्यांतून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था प्रत्यक्ष उभी राहिली ती १९४२ सालीं. दान द्यायला एक सही पुरते, तें मार्गीं लागायला आपल्याकडे एक तप लागतें! २०२३ सालीं या संस्थेस स्वतंत्र तंत्रविद्यापीठाचा दर्जा मिळाला. दुसरी मोठी संस्था अंबाझरीच्या दक्षिणेस. १९५६ पासून चालत असलेलें सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सामावून घेऊन १९६० सालीं केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांनीं तेथें प्रादेशिक महाविद्यालय काढलें आणि त्यास सर विश्वेश्वरय्यांचें नांव दिलें. २००२ पासून ती राष्ट्रीय तंत्रसंस्था आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून १८८३ सालीं उत्तीर्ण झालेल्या या थोर स्थापत्यविशारदाचें नांव विदर्भांतल्या महाविद्यालयाला असावें हें उचितच झालें. तेथें सीमेन्स या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें उत्पादनशास्त्राचें एक केंद्र उभारलें आहे. कारखान्यांत जीं स्वयंचलित यंत्रें व जी संगणकीय आंखणी चालते ती विद्यार्थ्यांना तेथेंच हाताळावयास मिळते. विद्यार्थ्यांनींच चालविलेली 'आयव्हीलॅब्स' नांवाची यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची प्रयोगशाळाही त्याच आवारांत आहे. वयाच्या विशीच्या आंत-बाहेरचीं मुलें-मुली तेथें चालतें-फिरतें यंत्र स्वतः जुळवितात. २०१६ सालीं सरकार व उद्योग यांच्या भागीदारींतून येथें माहिती-तंत्रज्ञानाची आणखी एक राष्ट्रीय संस्था निघाली.

आणि ज्या कापसानें या शहराला मोठें केलें त्याच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९७६ पासून नागपुरांतच आहे. तिनें गुलाबी बोंडअळीसाठीं जो नवा सापळा तयार केला तो आमच्या मतें या सर्व विद्येचा फार समजण्याजोगा नमुना आहे. पूर्वी कामगंध सापळ्यांत किती पतंग पडले तें शेतांत जाऊन मोजावें लागे. या सापळ्यांत एक छायाचित्रक बसविलेला असतो; तो अडकलेल्या पतंगांचीं चित्रें ठराविक वेळानें धाडतो, संगणक त्यांतले बोंडअळीचे पतंग ओळखून मोजतो, आणि संख्या वाढली कीं शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जातो. पतंग येतात ते रात्रीं आणि अळी बसते ती बोंडाच्या आंत, त्यामुळें दिसे तोंवर नुकसान झालेलें असतें. चार दिवस आधीं कळणें याला म्हणूनच किंमत आहे. परंतु हा पतंग बोंडअळीचा आणि तो दुसऱ्या कोणाचा, हें त्या संगणकाला प्रथम कोणीं सांगितलें? ज्यांनीं वर्षानुवर्षें डोळे ताणून पतंग ओळखले त्यांनीं. येथेंही शिकवणी माणसाचीच.

तेव्हां विद्यापीठाजवळ गणित आहे, उपकरणें आहेत, हुशार मुलें आहेत. त्याच्याजवळ नाहीं ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे रोज आठ तास चालणारें आणि रोज बिघडणारें यंत्र. महाविद्यालयाच्या कर्मशाळेंतला लेथ आठवड्यांतून दोनदां फिरतो. त्याची धार झिजणार केव्हां आणि तिचा आवाज ऐकणार कोण? उलटपक्षीं कारखानदाराजवळ बिघाड विपुल आहेत, त्यांचा अभ्यास करण्यास सवड नाहीं. दोघांनीं एकत्र यावें हें यावरून उघड आहे. तरीही तीं फार क्वचित् एकत्र येत. याचें एक कारण आमच्यासारख्या घरांतच सांपडेल. ज्या वर्गानें विद्यापीठें भरलीं त्यानें हाताच्या कामाला पिढ्यान् पिढ्या कमी लेखिलें. लेखणी आंत, हातोडा बाहेर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें, पुढें लोखंडी नांगर केला, आणि त्यांचे पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षें लागलीं. त्यांचें कौतुक आपण आज करतों. त्या दोन वर्षांत त्यांच्या नात्यागोत्यांत काय बोललें गेलें असेल याची कल्पना आमच्या त्या पंगतीवरून सहज करतां येते.

आतां सीमेन्स जर्मनीची, म्हणून तिकडचेंही एक उदाहरण पाहूं. तेथें विद्या आणि उद्योग यांची सांगड घालण्यासाठीं १९४९ सालीं म्युनिकमध्यें एक संस्था निघाली. आज तिच्या सत्तरांहून अधिक शाखा आहेत आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग कारखान्यांनीं व इतरांनीं मोल देऊन करवून घेतलेल्या संशोधनांतून येतो. या संस्थेला नांव दिलें आहे तें जोसेफ फ्राउनहोफर याचें. हा कांहीं मूळचा प्राध्यापक नव्हे. १७८७ सालीं जन्मलेला, अकराव्या वर्षीं पोरका झालेला, म्युनिकच्या एका कांचकाम करणाऱ्याकडे उमेदवार राहिलेला मुलगा. १८०१ सालीं धन्याचें घर कोसळून हा ढिगाऱ्याखालीं गाडला गेला. तेथल्या राजानें तो जिवंत निघाल्याचें पाहून त्याला थोडें द्रव्य दिलें, आणि त्याचा शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. पुढें त्यानें इतकी निर्दोष भिंगें केलीं कीं सूर्यकिरणाचा पट्टा उलगडून पाहतांना त्यांतल्या शेंकडों काळ्या रेषा त्याला दिसल्या, आणि ताऱ्यांमध्यें कोणते पदार्थ आहेत हें शोधण्याची वाट त्यांतून पुढें निघाली. त्याला विद्वत्सभेंत घ्यावयाचें ठरलें तेव्हां मात्र कांहीं विद्वानांनीं कुरकूर केली कीं हा तर कारागीर! जर्मन लोकांनीं आपल्या संशोधनसंस्थेला त्याच कारागिराचें नांव दिलें, ही गोष्ट आम्हांस त्या सत्तर शाखांहून अधिक महत्त्वाची वाटते.

काकूंचा प्रश्न आतां सांगतों. सगळे आपापल्या परीनें बोलून झाल्यावर त्या वाढतां वाढतां थांबल्या आणि म्हणाल्या, "पण तुझं यंत्र ऐकायला शिकलं, की त्या मिस्त्रींचं काय रे?"

मुलानें उत्तर दिलें नाहीं. आम्हीं कांहींतरी ठराविक बोललों, कीं यंत्रांनीं जुनीं कामें जातात तशीं नवीं येतात, वगैरे. घरीं आल्यावर त्या उत्तराचें आमचें आम्हांलाच समाधान होईना. म्हणून पुढल्या आठवड्यांत मुलाबरोबर आम्ही स्वतःच तो कारखाना पाहण्यास गेलों.

पत्र्याची शेड, एका रांगेंत सहा लेथ, आणि मधोमध एका जुन्या लेथला चिकटविलेल्या पांच-सहा तारा. मिस्त्री पंचावन्नांच्या घरांतले, कृश, एका कानानें थोडे कमी ऐकणारे. ज्यांचें ऐकणें यंत्राला शिकवायचें त्यांचाच एक कान गेलेला. तीस वर्षें या आवाजांत काढल्याचा तो मोबदला. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही एम्प्रेस मिलमध्यें होते. हें ऐकून आम्हांस मोठा अचंबा वाटला, कारण अशा सहकार्याचें नागपुरांतलें पहिलें उदाहरण आम्हीं मनाशीं योजून ठेविलें होतें तें त्याच गिरणीचें.

जमशेटजी टाटांनीं एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजीं. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे यंत्रशास्त्री नव्हते. यंत्रांची बाजू लँकेशायरहून आलेले ब्रुक्सबी पाहत. पुढें दहा वर्षांच्या आंतच या त्रयीनें अमेरिकेंत निघालेली कड्याची चाती येथें प्रयोगादाखल बसविली. लँकेशायरचे यंत्रकर्ते तेव्हां तिच्याविषयीं साशंक होते, कारण त्यांच्याकडे 'म्यूल' नांवाच्या जुन्या यंत्रावर सूत कातणारे पिढीजात कुशल कामगार होते आणि धंदा उत्तम चालला होता. नागपुराला तसा कांहीं वारसा नव्हता. गमवायला कांहीं नव्हतें म्हणून पाहून तरी घेऊं, असें येथें झालें; चाती यशस्वी झाली आणि नागपूरची गिरणी विलायतेच्या पुढें गेली. शाळा-महाविद्यालय नसतांना गिरणीच्या सांच्यांत झालेलें हें संशोधनच नव्हे काय?

परंतु त्या चातीचा दुसराही गुण होता. म्यूलवर कातायला वर्षानुवर्षांचा हात लागे. कड्याच्या चातीवर नवखा माणूस थोडक्या दिवसांत उभा राही. कसब माणसाच्या हातांतून निघून यंत्रांत गेलें. टाटांच्या पदरीं एवढें श्रेय आहे कीं १८८६ सालींच त्या गिरणीनें कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला, जेव्हां कायद्यानें तसें कोणींच सांगितलेलें नव्हतें. पुढें १९८६ मध्यें गिरणी सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं बंद पडली. मिस्त्रींच्या वडिलांचें काम सुटलें तें तेव्हां. "बाबा मग घरी बसूनच राहिले," एवढेंच ते म्हणाले.

यंत्रमानवाला इंग्रजींत जो 'रोबो' शब्द रूढ आहे त्याचें मूळ कित्येकांस ठाऊक नसेल. कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालच्या आपल्या नाटकांत तो प्रथम योजिला, आणि चेक भाषेंत त्याचा धात्वर्थ आहे वेठ. आपल्या वेठबिगारींतली वेठ तीच. त्या नाटकांतले कृत्रिम मजूर शेवटीं माणसांवरच उलटतात, आणि तेव्हांपासून हें भय लोकांच्या मनांत बसलें आहे. प्रत्यक्षांत कारखान्यांत पहिला यंत्रमानव आला तो १९६१ सालीं, अमेरिकेंत न्यू जर्सीच्या एका मोटार-कारखान्यांत, आणि त्याचें काम होतें सांच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्याचें. तें काम माणसानें करूं नये असेंच होतें. आपल्याकडेही टाटांच्याच एका कंपनीनें २०१७ सालीं पुण्याकडे 'ब्राबो' नांवाचा यंत्रहस्त तयार केला, तो लहान कारखान्यांस परवडावा म्हणून. त्याच कंपनीच्या नागपूरच्या मिहानमधल्या कारखान्यांत बोइंगच्या ड्रीमलायनर विमानांच्या तळाच्या तुळया होत असत. भट्टीपुढचें, धुराचें, ओझ्याचें काम यंत्रानें घ्यावें याला कोण नको म्हणेल? परंतु हिंगण्याच्या त्या शेडमध्यें यंत्र उचलीत नव्हतें ओझें. तें उचलीत होतें मिस्त्रींची पारख.

आम्हीं मिस्त्रींना सरळच विचारलें, "तुमचें काम जाईल असें नाहीं वाटत?"

ते हंसले. "माझी चार वर्षं राहिली साहेब. माझं काय होते? पण हे दोघं पोरं माझ्या हाताखाली शिकून राहिले न." त्यांनीं दोन उमेदवारांकडे बोट दाखविलें. "डब्बा बोंबलला की हत्यार बदलायचं, एवढंच हे शिकतीन. ऐकायला शिकणार नाहीत. मग उद्या डब्बा चुकला, तर चुकला म्हणून सांगणार कोण?"

आम्ही आजवर या विषयावर जें वाचलें त्यांत इतका नेमका प्रश्न आमच्या पाहण्यांत आला नव्हता. पोलाद बदलेल, हत्याराची जात बदलेल, यंत्र नवें येईल, आणि प्रत्येक वेळीं नव्या नोंदींपुढें खूण करणारा जाणता लागेल. जाणता तयार होतो तो चुका करीत दहा वर्षें लेथवर उभें राहून. तीं दहा वर्षें अनावश्यक ठरलीं तर पुढल्या यंत्राला शिकवणी देणारा उरणारच नाहीं. म्हणजे यंत्रापायीं पहिली गदा येते ती यंत्राच्या गुरूच्या वंशावर! कारखानदारांना हें सांगून पाहिलें. गृहस्थ सभ्य होते. त्यांचें म्हणणें असें कीं बँकेचे हप्ते आहेत, गिऱ्हाइकाला दर आठवड्यास कमी भाव हवा, आणि एका माणसानें सहा लेथ पाहिले तरच धंदा टिकतो. तेंही खोटें नव्हे. महाविद्यालय व कारखाना यांच्यांत जो करार झाला त्यांत पेटंट कोणाच्या नांवें, खर्च कोणाचा, यंत्र कोणाचें, हें सर्व कलमवार लिहिलेलें आहे. उमेदवारांचा किंवा मिस्त्रींचा त्यांत उल्लेख नाहीं. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यांत शोधकाचें नांव नमूद करण्याची सोय आहे. पण शिकविणारा हा कायद्याच्या दृष्टीनें शोधक नव्हे. आमच्या मतें अशा करारांत दोन कलमें अवश्य असावीं. खुणा करण्यांत गेलेले मिस्त्रींचे तास अध्यापन म्हणून धरून त्यांचें वेगळें वेतन द्यावें. आणि यंत्र बसलेल्या प्रत्येक कारखान्यांत निदान एक लेथ त्याच्याविना चालवून त्यावर उमेदवार तयार करावा. खर्च सरकारनें व विद्यापीठानें वाटून घ्यावा. लहान कारखानदारावर तो लादणें अन्यायाचें होईल.

पावसाळ्यांत संशोधनाचा निबंध लिहून झाला. मुलानें तो मोठ्या उमेदीनें आजोबांना दाखविला. विषयांतलें त्यांना कांहीं कळण्याजोगें नव्हतें, परंतु कागद हातीं आला कीं तपासनीसाची नजर जागी होते. त्यांनीं प्रथम तक्ते पाहिले, मग लेखकांचीं नांवें. दोन प्राध्यापक, एक कारखान्यांतला अभियंता आणि चवथा नातू. आजोबांनीं चष्मा काढला.

"ह्या चार हजार नोंदी आहेत म्हणतोस. प्रत्येकीपुढें खूण कोणीं केली?"

"मिस्त्रींनीं."

"मग त्याची सही कुठें आहे?"

शेवटीं एक ओळ होती, तींत कर्मशाळेंतील कर्मचाऱ्यांचे एकत्रित आभार मानलेले होते. आजोबांना ती ओळ पुरेना. ज्या नोंदीखालीं करणाऱ्याचें नांव नाहीं ती नोंद आमच्या खात्यांत ग्राह्य धरीत नसत, असें म्हणून त्यांनीं तेथेंच नातवाकडून प्राध्यापकांना पत्र लिहविलें. हेच आजोबा दोन महिन्यांपूर्वी त्याच्या अंगच्या तेलाच्या वासानें पानावर नाक मुरडीत होते. काकू पाठीमागें उभ्या राहून ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, मात्र त्या दिवशीं चहा दुसऱ्यांदा न मागतां आला.

प्राध्यापकांचें उत्तर सौजन्याचें होतें. लेखकांत नांव घालण्यास नियतकालिकाचे नियम आड येतात, आभारांत मात्र मिस्त्रींचा नांवानिशीं उल्लेख करूं, असें त्यांनीं कळविलें. आजोबांनीं तो नियम मागवून घेतला. त्यांना त्यांत नोंदी करणाऱ्यास वगळावें असें कोठें आढळलें नाहीं, म्हणून दुसरें पत्र गेलें आहे. मिस्त्रींना मुलानें हें सर्व सांगितलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं नांव मराठींत छापतील काय, घरीं दाखवायचें आहे.

लेथवरचा तो डबा आतां कायमचा बसविला आहे आणि तो ठीक चालतो. दोघां उमेदवारांपैकीं एकाला कारखान्यानें गेल्या महिन्यापासून कमी केलें. दुसरा अजून मिस्त्रींच्या हाताखालीं आहे. ते त्याला रोज जेवणाच्या सुटींत अर्धा तास डबा बंद करून जुना लेथ ऐकायला लावतात, असें मुलानें सांगितलें.